उजेडातली मोकळी जागा

१

होडीवर दिवा बसवताना पहिली काळजी घ्यायची ती ही, की तो आपल्याच डोळ्यांत येता कामा नये. माणसाला वाटतं, दिवा जितका प्रखर तितकं लांबचं दिसेल. पाण्यावर उलट होतं. होडीत प्रखर पांढरा दिवा लावला की होडीतलं सगळं दिसतं आणि होडीबाहेरचं सगळं नाहीसं होतं. म्हणून पांढरा दिवा मागच्या टोकाला, काठीवर, बसलेल्या माणसाच्या डोक्यापेक्षा हातभर उंच. तो आपल्यासाठी नसतोच. आपण दुसऱ्याला दिसावं म्हणून असतो. पुढे डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा. जाळं सोडवताना कपाळावर एक लहानसा लाल दिवा, कारण अंधाराला सरावलेले डोळे लाल उजेडानं बिघडत नाहीत.

हे मी वयाच्या बावन्नाव्या वर्षी शिकलो. सोलापुरात मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवतो. प्रकाशाचं प्रकरण पंचवीस वर्षं फळ्यावर शिकवलं, पण दिवा कुठे लावावा हे कुणाला कधी सांगितलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी जानेवारीत आमचा मुलगा वरद मित्रांबरोबर उजनी धरणाच्या फुगवट्यावर रोहित पक्षी बघायला गेला होता. परतायला उशीर झाला. त्यांच्या होडीला दिवा नव्हता. समोरून येणाऱ्या होडीलाही नव्हता. धडक बसली तेव्हा सहाजण पाण्यात पडले आणि पाच बाहेर आले. वरद पंधरा-वीस मिनिटं हाका मारत होता, असं सगळे सांगतात. ऐकू येत होतं, दिसत नव्हतं. सकाळी भीमाशंकर नावाच्या कोळ्याच्या होडीनं त्याला काठावर आणलं. त्याच दिवशी सोलापुरात मी त्याला अग्नी दिला. हे लिहून ठेवतो, कारण पुढे जे घडलं त्यात ही एक गोष्ट मला सतत स्वतःला सांगावी लागली. तो सापडला होता. मी त्याला पाहिलं होतं. मी स्वतः अग्नी दिला होता.

त्यानंतर मला एवढंच हवं होतं, की ते पाणी पुन्हा अंधारात राहू नये.

२

शनिवारी दुपारी कॉलेज सुटलं की मी गाडीनं केमला जायचो. भीमाशंकर मोटारसायकल घेऊन स्टेशनबाहेर उभा असायचा. चाळिशीचा, बारीक, बोलताना समोरच्याऐवजी पाण्याकडे बघणारा माणूस. पहिल्यांदा मी दिव्यांचं बोललो तेव्हा तो म्हणाला, "त्या राती मी पाण्यावरच हुतो, सर. आवाज येत हुता. कुटनं येतोय ते कळत न्हवतं. हिकडं वल्हवलं की तिकडनं याचा." एवढंच. त्या रात्रीबद्दल तो त्याआधी किंवा त्यानंतर काही बोलला नाही.

त्याच्या होडीला दिवे बसवत होतो त्या संध्याकाळी शेजारच्या होडीतून बसप्पानं हाक दिली. "काय रं भीमा, लगीन हाय व्हय होडीचं? नवरी कुटंय?"

"तुजीच होडी बगतोय की! काळी हाय, पर चालतीय."

"हुंड्यात दिवं देनार का सर?"

"देतो," मी म्हणालो. "पण आधी ते तरंगायचं जाकीट अंगात घाल. बुडाखाली घेऊन बसायला नाही आणलेलं."

बसप्पा हसला आणि जाकीट तसंच बुडाखाली ठेवून बसून राहिला. पण पुढच्या महिन्यात दिवे त्यानंही बसवून घेतले. दिवाळीपर्यंत त्या काठावरच्या चारही होड्यांना लाल, हिरवा आणि पांढरा दिवा झाला. काठावर उभं राहिलं की पाण्यावर चार पांढरे ठिपके दिसायचे. भीमाशंकरची बायको फुलाबाई ते मोजायची. पूर्वी ती नुसती बसून राहायची, आता मोजायची. मला म्हणाली, "आता चार दिसल्याबिगर चूल इजवत न्हाई मी."

त्या थंडीत कितीतरी दिवसांनी मला झोप लागली.

मग एकदा केमहून येताना भीमाशंकर मागे मान वळवून म्हणाला, "सर, पान्याच्या आत सोडायचा दिवा असतोय म्हनं. हिरवा. मासा आपसूक येतोय."

समुद्रावर असल्या दिव्यांच्या मासेमारीला बंदी आहे, हे मी त्याला सांगितलं.

"समुद्र कुटं न् आमी कुटं! आमचं एक होडीचं काम. आन् तुमाला कळतंय की त्यातलं."

मी नाही म्हणायला हवं होतं. पण पाण्याच्या आत दिवा, हे शब्द माझ्या डोक्यात राहिले. वरून लावलेला दिवा कितीही असला तरी पाण्याच्या पाठीवर पडतो. आतला अंधार तसाच राहतो.

३

हिरवा दिवा हातभर लांबीचा होता, काचेच्या नळीसारखा. पाण्यात लाल रंग आधी मरतो, निळा-हिरवा जास्त खोल जातो. आमच्या गढूळसर पाण्यात हिरवाच बरा. तो चोवीस तास पाण्यात टिकतो की नाही हे बघायला मी न्हाणीघरात मोठी बादली भरून त्यात सोडला. वायरीचे जोड मेणानं आणि टेपनं बंद केले होते. उजेड कमीजास्त करायला रेग्युलेटर लावला होता.

रात्री उठलो तेव्हा बोळातली भिंत हिरवी दिसत होती. न्हाणीघराच्या दारात प्रभा उभी होती. माझी बायको. हात चौकटीवर, डोळे बादलीत.

"कशासाठी हा?" तिनं विचारलं.

"मासे येतात उजेडाला."

"मासेच ना?"

नळाचा एक थेंब बादलीत पडला आणि सगळी भिंत हलली. प्रभा म्हणाली, "झाकून तरी ठेवा. पाणी जागं असल्यासारखं वाटतं." आणि तिनं दार ओढून घेतलं. दाराखालच्या फटीतून उजेड सकाळपर्यंत येत राहिला.

४

डिसेंबरातल्या अमावास्येच्या शनिवारी आम्ही तो पहिल्यांदा पाण्यात सोडला. काठापासून लांब, जिथे वल्ह्याला तळ लागत नाही तिथे. काम असं होतं: होडी नांगरायची. मागच्या टोकावरून दिवा दोन पुरुष, म्हणजे दोन माणसांच्या उंचीइतका, खोल सोडायचा. त्याच्याही खाली चौकटीचं जाळं. मग तासभर बोलायचं नाही, हलायचं नाही. आधी धुळीसारखे बारीक जीव उजेडात जमतात, मग त्यांना खायला लहान मासे, मग मोठे. पण मासा उजेडाच्या अगदी जवळ येत नाही. भोवती फिरत राहतो. दिवा एकदम बंद केला तर सगळे उधळतात. म्हणून रेग्युलेटर हळूहळू उतरवायचा. उजेडाचा गोल लहान होत जातो तसे ते उरलेल्या उजेडासाठी आत आणि वर येत जातात, होडीला टेकेपर्यंत. मग जाळं उचलायचं.

तासाभरात चिलापी माशांचा गोल तयार झाला. शेकडो, एकाच दिशेनं फिरणाऱ्या. मी इतकं सुंदर काही बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. हिरव्या उजेडात त्यांची पोटं चांदीसारखी चमकत होती. भीमाशंकर पुटपुटला, "आयला, जत्राच भरली की."

मग मला दिसलं की गोल एके ठिकाणी तुटलेला आहे.

मी होडीच्या डाव्या अंगाला फळीवर बसलो होतो. माझ्या बाजूला, होडीच्या काठापासून दीड हातावर मासे यायचे, वळायचे, आणि थोडं पुढे जाऊन पुन्हा रांगेत यायचे. मधे काही नव्हतं. निव्वळ पाणी, हिरवं, स्वच्छ. रस्त्यात कुणी उभं असलं की माणसं न बघता बाजूनं जातात, तसे ते त्या जागेला वळसा घालत होते.

"तिथे काही बुडालंय का खाली? झाड, खांब?"

"न्हाय. हितं तळ लई खोल हाय." भीमाशंकरनंही ते पाहिलं होतं. तो बघत राहिला आणि मग त्यानं नजर काढून घेतली.

मी रेग्युलेटर उतरवला. गोल लहान झाला. मोकळी जागाही त्याच्याबरोबर वर आली.

५

मी शिकवणारा माणूस. माझ्याजवळ कारणं होती. दिव्याच्या नळीत दोष असेल, एका बाजूला उजेड कमी पडत असेल. पुढच्या शनिवारी मी दोरी पिळून दिवा अर्धा फिरवला. जागा फिरली नाही.

मग वाटलं, हा नजरेचा कोन असावा. बघणाऱ्याच्या जवळच्या बाजूला पाण्याच्या चकाकीमुळे मासे दिसत नसतील. असं असेल तर समोर बसलेल्या भीमाशंकरला जागा त्याच्या बाजूला दिसायला हवी. मी विचारलं. त्यानं बोट न करता हनुवटीनं दाखवलं. माझ्याच बाजूला.

मी उठून उजव्या फळीवर जाऊन बसलो.

काही वेळ दोन्ही बाजूंना गोल अखंड होता. मला हायसं वाटलं, आणि खरं सांगायचं तर वाईटही वाटलं. मग होडीच्या मागच्या टोकाखालून मासे एकेक करून बाजूला व्हायला लागले. घाईनं नाही. आधी टोकाखाली, मग उजवीकडे, मग माझ्या समोर. जागा आली आणि थांबली. रुंदी दोन हात, खोली माणसाएवढी. पुन्हा काठापासून दीड हातावर.

"सर," भीमाशंकर हलक्या आवाजात म्हणाला, "तुमचं वजन किती?"

"चौसष्ट किलो. का?"

"मग होडी येवडी का कलतीया?"

मी खाली बघितलं. माझ्या बाजूचा काठ पाण्यापासून चार बोटांवर होता. त्याच्या बाजूचा वीतभर उंच. होडी आपसूक हलत होती तेव्हा वाटलं नव्हतं, पण एकदा लक्षात आल्यावर बसल्या जागी पाय रोवून धरावे लागत होते. बाहेरून पाण्याचा होडीच्या अंगावर आपटण्याचा आवाज फक्त त्याच्या बाजूनं येत होता. माझ्या बाजूला पाणी गप्प होतं.

"वारा असेल," मी म्हणालो.

वारा नव्हता. पांढऱ्या दिव्याभोवतीचे किडे जागच्या जागी तरंगत होते.

त्या रात्री मासा भरपूर मिळाला. भीमाशंकरनं होडीतलं पाणी डब्यानं उपसलं.

दर वेळी घरी आल्यावर मी वहीत जागेची मापं लिहायचो. तारीख, वेळ, काठापासूनचं अंतर. पहिले दोन आठवडे दीड हात होतं. मग एक हात. मग वीतभर. पाचव्या शनिवारी मी अंतराचा रकाना मोकळा सोडला.

मी घाबरलो होतो का? होतो. पण त्या भीतीच्या खाली दुसरं काहीतरी होतं, आणि ते मी वहीत लिहिलं नाही. आठवडाभर वर्गात, भाजीच्या रांगेत, प्रभाच्या समोर जेवताना मी शनिवारची वाट पाहत होतो.

६

पूर्वपरीक्षेचे पेपर तपासायचे म्हणून एक शनिवार चुकला. रविवारी सकाळी भीमाशंकरचा फोन आला.

"सर, काल आमी दोगं गेलो हुतो. मी न् बसप्पा. गोल पुरा हुता."

"पुरा म्हणजे?"

"पुरा. कुटं तुटला न्हवता. होडीबी सरळ हुती." तो पुढे म्हणाला, "म्हटलं, सांगावं तुमाला."

मी फोन ठेवला. त्या वेळी मला आनंद व्हायला हवा होता. त्याची होडी सरळ होती, माणसं धड घरी आली होती. मला वाटलं ते एवढंच, की तो आला आणि मी नव्हतो. मग लगेच दुसरं मन म्हणालं, तो आलाच नव्हता. कोण तो?

पुढच्या शनिवारी काठावर फुलाबाई माझी वाट पाहत उभी होती. ठेंगणी, पदर कमरेला घट्ट खोचलेली. भीमाशंकर होडीत बॅटरी ठेवत होता, त्याला ऐकू जाणार नाही अशा बेतानं ती बोलली.

"सर, वरचं दिवं लावलं ते लई बरं केलंत. म्या रोज नाव घेती तुमचं. पर ते पान्यातलं नगं."

"मासा मिळतो ना?"

"मिळतोय की. होडीत पानीबी मिळतंय."

"त्यानं सांगितलं?"

"त्यो कशाला सांगतोय! त्याच्या प्यांटीनं सांगितलं. कमरंपतूर भिजून येतोय, तुमी आला की. दुसऱ्या कुनाबरुबर गेला तर गुडगाबी भिजत न्हाय." ती माझ्याकडे सरळ बघत होती. "काय हाय तितं, मी इचारत न्हाई. तुमचं तुमाला ठावं. तुमच्या लेकराला माज्या मानसानं उचलून आनलं. आता माजा मानूस तितं ठिवू नका."

मला तिच्याकडे बघवलं नाही. मी म्हणालो, "आजची रात्र शेवटची. उद्या दिवा काढून नेतो."

"आजचीबी कशाला?"

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर होतं आणि ते तिला सांगण्यासारखं नव्हतं.

भीमाशंकरनं हाक दिली, "फुले, काय कानाफुसी लावलीया सरांसंगट?"

"तुजं दुसरं लगीन ठरवतीया!" ती ओरडली, आणि माझ्याकडे पाठ फिरवून तिनं डोळे पुसले.

७

पाणी गार होतं. नोव्हेंबरात उबदार असणारा फळ्यांचा वासही आता गार वाटत होता. दिवा खाली सोडला तेव्हा नेहमीसारखा तास लागला नाही. मासे जमले, आणि जमतानाच बाजूला झाले. मोकळी जागा आधीपासून तिथे होती. होडीच्या काठाला लागून.

होडी हळूहळू माझ्या बाजूला झुकली. यावेळी कुणी वाऱ्याचं नाव काढलं नाही. भीमाशंकर त्याच्या काठावर जाऊन बसला, जितकं मागे रेलता येईल तितका रेलला. एक पाय जाळ्याच्या दोरात होता. मी ते पाहिलं. पाहिलं आणि काही बोललो नाही. हे मी लपवू शकलो असतो.

"उतरवा, सर," तो म्हणाला. "जाळं उचलू न् जाऊ."

मी रेग्युलेटर उतरवायला लागलो. उजेड कमी केला की उजेडाला आलेलं सगळं जवळ येतं. मी ते शिकलो होतो, मीच त्याला शिकवलं होतं. तरी मी हळू उतरवत होतो. गरजेपेक्षा हळू. चिलापींचा गोल होडीला टेकला. मग पांगला. एकदम नाही, जत्रा उठावी तसा, थोडे थोडे करून मासे निघून गेले आणि हिरव्या पाण्यात काही उरलं नाही.

काठ पाण्याला लागला. पातळ पत्र्यासारखं पाणी आत आलं आणि माझ्या पावलांवरून पलीकडे गेलं.

"सर, बंद करा."

मी खाली वाकून बघत होतो. उजेड एवढा मंद होता की माझी स्वतःची बोटं मला दिसत नव्हती. मग पाण्याच्या हातभर खाली काहीतरी फिकट हललं. मासा नव्हे. मासा आडवा असतो. हे उभं होतं, वरच्या टोकाला पसरट, आणि ते पसरट टोक आपल्या आणि दिव्याच्या मधे धरलेलं होतं. धरलेलं, हाच शब्द. बोटं होती की नाही हे मी सांगू शकत नाही. पण ती हालचाल मला माहीत होती. कुणाच्याही घरात असते. पहाटे लवकर उठून आपण दिवा लावतो, आणि अंथरुणातलं माणूस झोपेतच तळवा उलटा करून डोळ्यांवर धरतं.

इतके शनिवार मला वाटत होतं की ते उजेडाकडे येतंय.

"सर! माजा पाय अडकलाय!"

पाणी घोट्याच्या वर आलं होतं. भीमाशंकर दोर ओढत होता आणि होडी आणखी कलत होती. माझ्या उजव्या हातात रेग्युलेटर होता. एक क्षण, मोजला तर एकच, मी त्या दोघांपैकी कुणाकडे बघू हे मला ठरवता येईना. मग मी बटण शेवटपर्यंत फिरवलं.

अंधार झाला. मी मागे हात घालून काठीवरच्या पांढऱ्या दिव्याची वायरही उपटली. का, ते त्या वेळी सांगता आलं नसतं.

होडी लगेच सरळ झाली नाही. हे मला सगळ्यात नीट आठवतं. कलत्या होडीवरचं वजन एकदम निघालं तर ती दुसऱ्या अंगाला उसळते, पलीकडे बसलेला माणूस बाहेर फेकला जातो. तसं झालं नाही. अंधारात आम्ही तसेच तिरपे बसून होतो, भीमाशंकरचा श्वास मला ऐकू येत होता, त्याच्या पायातला दोर फळीवर घासत होता. माझा उजवा हात काठावर होता. त्या हाताला काय जाणवलं ते मी लिहिणार नाही. मग काठ पाण्याच्या वर आला, बोटभर, मग दोन बोटं, मग चार. आतल्यांना धक्का लागू नये म्हणून कुणी जपून सोडावं, तसा.

बऱ्याच वेळानं दोन्ही बाजूंना पाणी सारख्या आवाजात वाजू लागलं.

भीमाशंकरनं पाय सोडवून घेतला. दिवा लावला नाही. अंधारातच नांगर वर घेतला आणि वल्हवायला लागला. काठावर फुलाबाईच्या हाकेच्या दिशेनं आम्ही गेलो. तिला तीनच ठिपके दिसत होते आणि ती आमची दोघांची नावं घेऊन ओरडत होती. माझं नाव, वेणीमाधव, तिला ठाऊक असेल असं मला वाटलं नव्हतं.

तिनं आधी त्याच्या दंडाला धरून पाहिलं, मग रागानं त्याच्या पाठीत एक गुद्दा घातला. घोंगडी आणून माझ्या खांद्यावर टाकली.

सकाळी भीमाशंकरनं मला केमला सोडलं. हिरवा दिवा पोत्यात गुंडाळून मी मांडीवर घेतला होता. गाडी यायला अवकाश होता. तो स्टेशनाच्या पायरीवर बसला आणि रुळांकडे बघत म्हणाला, "वरच्या दिव्यांचं मी बगतो, सर. काय बिगडलं तर सोलापूरला घिऊन यीन. तुमी आता येऊ नका."

"का?"

"राग मानू नका." त्यानं पायरीवरचा एक खडा उचलून खाली ठेवला. "तुमी आला की त्याला यावं लागतंय."

८

प्रभानं दार उघडलं. मी आत जाऊन बसलो. ती चहा घेऊन आली, पोत्याकडे बघितलं, पोतं उचलून बाजूला केलं आणि समोर बसली.

मी तिला सांगितलं. पहिल्या रात्रीपासून, मापांसकट. मला वाटलं होतं ती मधेच थांबवेल. किंवा म्हणेल, डॉक्टरकडे जाऊ. ती ऐकत राहिली. खाली रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला, शेजारच्यांचा कुकर वाजला. माझं सांगून झालं तेव्हा चहावर साय धरली होती.

"दिवा बिघडला, की तुम्ही बंद केला?" तिनं विचारलं.

"मी केला."

"तुम्हीच?"

"मीच."

तिनं मान हलवली. बराच वेळ हलवत राहिली, मी काहीतरी अवघड उदाहरण सोडवून दाखवलं असावं तशी. मग पुढे झुकून माझा उजवा हात उचलला आणि आपल्या दोन्ही हातांत घेतला. तळवा वर केला, खाली केला. घरात ऊन आलं होतं. केमहून सोलापूरपर्यंत तो हात मी खिशात ठेवला होता.

"किती गार आहे," ती म्हणाली, आणि तो तसाच गालाला लावून बसून राहिली.